सतरा वर्षांचा गंज : ट्रकच्या कामाच्या नोंदी

रविवार, १ ऑक्टोबर २०२३

गुरुवारी रात्री अनंत चतुर्दशीच्या झांक्या निघाल्या, पाऊसही थकल्यासारखा वाटतोय. ड्रायव्हर सोयाबीनच्या कापणीला गावी गेलाय. गाडी मोकळी आहे तोवर काम उरकायचं, म्हणून आज शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून ती आमच्या फाटकासमोर आणून लावली. इंदूरच्या सुदामा नगरात अजून एवढी जागा मिळते हे नशीबच.

२००६ ची गाडी. सहा चाकी छोटा ट्रक, काकांच्या नावावर. कंपनीचं नाव लिहीत नाही, गंजात तिचा काही दोष नाही. चोइथराम मंडीतून सतरा वर्षं भिजलेल्या पालक-मेथीच्या जुड्या आणि ओला कांदा वाहिला, पाणी फळ्यांतून गळून खाली चासीवर पडत राहिलं. दुसरं काय होणार होतं?

डाव्या बाजूचा मागचा मुख्य पाटा (स्प्रिंगची पट्टी) तुटलाय. इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डमधून फट्‌फट् आवाज येतो, गॅस्केट गेलंय. मागचे ब्रेक उघडून बघायचेत. फिटनेस सर्टिफिकेट २९ नोव्हेंबरला संपतं. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी काढावं लागतं, म्हणजे ही जत्रा वार्षिकच. यंदा मजुरीचा आकडा ऐकला आणि म्हटलं, घरीच करू. काका म्हणाले, "कर. पण घाई केलीस तर एका बोल्टाची तीन कामं होतील." त्यांनी ही गाडी चौदा वर्षं स्वतः चालवली. आता हात कापतो, त्यामुळे पाना धरत नाहीत. प्लॅस्टिकची खुर्ची टाकून फाटकाशी बसतात.

आज पाना लावलाच नाही. तारेचा ब्रश घेऊन यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे), शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी), मॅनिफोल्डचे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट), ब्रेकचे निपल (हवा काढायचे) असे दिसतील ते सगळे आटे घासले आणि डिझेल मारलं. काका पूर्वी घासलेट मारायचे, ते आता शोधूनही मिळत नाही. घासणं महत्त्वाचं. बाहेर आलेल्या आट्यांवर गंजाचे दाणे तसेच राहिले तर नट निघताना ते आपल्यासोबत ओढतो आणि मध्येच अडकतो.

भाषेची एक नोंद आत्ताच करून ठेवतो. घरात आम्ही आटे म्हणतो, सियागंजात, म्हणजे हार्डवेअरच्या बाजारात, चूडी. आटे गेले म्हणजे चूडी मर गयी. वहीत दोन्ही येतील.

बुधवार, ४ ऑक्टोबर

संध्याकाळी पुन्हा डिझेल. भाची आली होती, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने गिअरबॉक्सचं लाल तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून बाटली करून दिली. वापरताना दर वेळी हलवावी लागते, कारण दोन्ही एकमेकांत टिकत नाहीत. ॲसिटोन भडकतं, म्हणून बाटलीवर खडूने "आग" लिहून ठेवलंय.

डब्ल्यूडी-४० चा डबाही घरात आहे. भाचीने सांगितलं की नावातला डब्ल्यूडी म्हणजे "वॉटर डिस्प्लेसमेंट" आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ साली सॅन दिएगोत बनलं, ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. काकांनी डबा हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "म्हणजे पाणी हटवायचं औषध. आपल्याकडे पाणी सतरा वर्षांपूर्वीच आत गेलंय."

रविवार, ८ ऑक्टोबर

आज चाकं. सकाळी पोहे-जिलेबी झाली आणि त्याच जोशात डावं मागचं चाक घेतलं. पाना लावला, त्यावर मीटरभराचा पाइप चढवला, पाइपवर मी लटकलो. माझं वजन ७० किलो. मीटरभर पाइपच्या टोकाला ७० किलो म्हणजे जवळपास ७०० न्यूटन-मीटर. नट हलला नाही. पाइपवर उड्या मारल्या. तरी नाही.

काका खुर्चीतून गंमत बघत होते. वीस मिनिटांनी म्हणाले, "स्टडच्या तोंडावर काय लिहिलंय ते पुसून वाच."

पुसलं. "एल" कोरलेलं होतं. डाव्या चाकांना उलटी चूडी! चाक पुढे फिरताना नट आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून जुन्या घडणीच्या ट्रकांत डावीकडे उलटे आटे देत. वीस मिनिटं मी नट आवळत होतो. काकांनी त्यांच्या पहिल्या क्लीनरची गोष्ट सांगितली. त्याने असंच भेरू घाटात रात्री दोन वाजता उड्या मारून स्टड तोडला होता. मग ते सिमरोलपर्यंत पाच नटांवर आले. माझा स्टड वाचला, एवढंच.

ड्रम काढताना ड्रम धरून ठेवणारे दोन चपटे स्क्रू आडवे आले. एकाची खाच आधीच कुणीतरी खाऊन ठेवलेली. पेचकस घसरायला लागला की लगेच थांबायचं, कारण प्रत्येक घसरणीत खाच आणखी गोल होते. पेचकसाच्या टोकाला वॉल्व्ह घासायची पेस्ट चिमूटभर लावली, त्यातले खरखरीत दाणे पकड देतात. मग हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट पेचकस. हातोडा पडला की तो आत दाबतोही आणि फिरवतोही. चौथ्या ठोक्याला स्क्रू हलला. दुसरा पहिल्याच ठोक्याला.

ब्रेकच्या निपलला मात्र आज हात लावला नाही. संध्याकाळ झाली होती आणि मी चिडलेलो होतो.

रविवार, १५ ऑक्टोबर

घटस्थापना. घरात घट बसले आणि मी गाडीखाली बसलो. बायकोने हे वाक्य दोन वेळा ऐकवलं, म्हणून लिहिलं.

गाडी जॅकवर घेतली, पण जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. चासीखाली दोन्ही बाजूंना साखूच्या लाकडाचे जाड ठोकळे लावले, पुढच्या चाकांना विटा.

डाव्या पाट्याला दोन यू-बोल्ट, म्हणजे चार नट. १६ मिलिमीटरचे आटे, २४ ची गोटी (सॉकेट). माझ्याकडची गोटी बारा कोनी होती, ती कोपऱ्यांवर धरते. गंजून कोपरे झिजलेल्या नटावर ती फिरून निघते आणि नट गोल करून जाते. काल सियागंजातून सहा कोनी आणली, ती सपाट बाजूंवर बसते. हा खर्च पहिल्या दिवशीच करायला हवा होता.

दोन नट निघाले. उरलेल्या दोनांवर साडेतीन तास गेले. डिझेल, लाल बाटली, पाइप, हातोडा, सगळं झालं. नटाला बाजूने ठोकायचं आणि समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा धरायचा, म्हणजे गंजाची पकड तुटते. तेही केलं. मग गॅसची टाकी आणून नट तापवला. तापवायचा तो नट, बोल्ट नाही. पोलाद दर अंशाला बारा दशलक्षांश फुगतं. १६ मिलिमीटरचा नट ४०० अंशांनी तापला तर भोक साधारण ०.०८ मिलिमीटरने मोठं होतं. एक केस. पण गंजाने जी जागा भरून टाकली आहे, ती सोडवायला एक केस पुष्कळ होतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, म्हणून तर नट जाम होतो.

तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं. एक नट त्यावर सुटला, करकर करत. शेवटचा नाही.

दुपारी चार वाजता गल्लीतून उस्ताद चालले होते. ट्रान्सपोर्ट नगरात त्यांनी आयुष्य काढलं, आता गुडघे गेले म्हणून घरी असतात. वाकून बघितलं आणि म्हणाले, "भिया, इसको बचा के क्या अचार डालोगे? यू-बोल्ट तो वैसे भी नया लगता है।"

बरोबर. यू-बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो, तो पुन्हा वापरायचा नसतोच. पाटा बदलताना नवाच घालायचा. हे मला माहीत होतं. नवे यू-बोल्ट गेल्या रविवारपासून घरात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले होते. तरी मी साडेतीन तास जुना वाचवत बसलो, कारण तोवर ती माझी आणि नटाची भांडणं झाली होती. ग्राइंडर लावला. चार मिनिटांत नट दोन तुकडे होऊन खाली.

शॅकलची पिन घणाच्या सहा ठोक्यांत निघाली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, २२ ऑक्टोबर

अष्टमी. आज मॅनिफोल्ड.

इंजिनाचं बिडाचं हेड, त्यात ८ मिलिमीटरचे आठ स्टड, त्यांवर १३ चे नट. हजारो वेळा तापलेले आणि थंड झालेले. इथे गंजासोबत काळी खपलीही असते. नट आणि स्टड यांच्यात कुठली रेषा कुणाची ते कळत नाही.

हिशोब असा. ८ मिलिमीटरच्या ८.८ दर्जाच्या बोल्टाला आवळायला साधारण २५ न्यूटन-मीटर लागतात. फूटभर लांबीच्या पान्याला आठ-साडेआठ किलोचा जोर लावला की तेवढे होतात. म्हणजे एका हाताने, मनात काही न आणता. इथे पाइप लावणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी. ८.८ चा अर्थही भाचीने वहीत लिहून दिलाय. पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटेल. टिंबानंतरचा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांना, ६४० ला, कायमचा ताणला जाईल. ताणला जाणं आणि तुटणं यांच्या मधली जी जागा आहे, त्यातच आजचा सगळा दिवस गेला.

पद्धत ठरलेली. आधी किंचित आवळायचा. हलला तर मग सोडायचा. पाव वळसा सोडला की त्याच्या अर्धा परत आवळायचा, तेल मारायचं, पुन्हा सोडायचा. पहिला नट असाच "कट्ट" करून सुटला. कोरडा, लहान, दगडावर दगड आपटावा तसा आवाज. दुसरा, तिसरा, चौथा तसेच. पाचव्याचे कोपरे गेलेले, त्यावर १३ ची गोटी नुसती फिरत होती. अर्धा इंची गोटी म्हणजे १२.७ मिलिमीटर, ती हातोड्याने ठोकून बसवली. निघाला. गोटीतून तो नट बाहेर काढायला मात्र पंच लागला. सहावा सोपा.

सातवा. पाना पाव वळसा फिरला. आवाज नाही. मग अर्धा वळसा. करकर नाही, अडखळणं नाही. घट्ट तुपात चमचा फिरवावा तसा पाना जात होता. मला बरं वाटलं, हा छान सुटतोय म्हणून.

फाटकाजवळून काका म्हणाले, "थांब. पिळतोय."

मी थांबलो नाही. हात चालू होता, तो थांबेपर्यंत अजून थोडा फिरला. "टक्." फार हळू आवाज, काडी मोडल्यासारखा. गोटीत नट आणि त्यात स्टडचा पाऊण इंच तुकडा.

तुकडा उन्हात धरून बघितला. आटे सरळ नव्हते, एका बाजूला वळलेले, पिळलेल्या फडक्यासारखे. तुटलेल्या तोंडावर कडेला काळपट पट्टा आणि मध्ये चण्याच्या डाळीएवढा चकचकीत भाग. म्हणजे कडेची चीर जुनी. मी जोर लावला तो फक्त त्या डाळीएवढ्या जागेवर.

काकांना विचारलं, बसल्या जागी कसं कळलं? ते म्हणाले, "सुटताना बोल्ट बोलतो. हा गप्प होता."

आठवा स्टडही तुटला. त्यात माझी काही चूक नव्हती असं लिहायला आवडेल. मी खरोखर हळू केलं होतं, आवळून सोडलं होतं, तेल मारलं होतं. तो हेडच्या पृष्ठभागाशी सपाट तुटला. सातवा तीन मिलिमीटर बाहेर आहे, तेवढा दिलासा.

सोमवार, २३ ऑक्टोबर

खंडेनवमी. पाने, गोट्या, हातोडे, ग्राइंडर, सगळं धुऊन पाटावर मांडलं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. मी तुटलेला स्टडही पाटावर ठेवला. आईने तो उचलून बाजूला केला. "तुटकं पूजेला ठेवत नाहीत." मग तो खिडकीत ठेवला.

आज काम नाही. उद्या दसरा, उद्याही नाही. गाडीला हार घालायचाय, मॅनिफोल्डशिवायच.

शनिवार, २८ ऑक्टोबर

कोजागिरी, आणि आज रात्री चंद्रग्रहण. दूध आटवायचं की नाही यावर घरात चर्चा चालू असताना आम्ही मामा-भाची हेडवर वाकलेलो.

आठवा, सपाट तुटलेला, आधी घेतला. भाचीने सेंटर पंच मारला. उलटी फिरणारी ड्रिल बिट मिळाली असती तर बरं होतं. ती कापतानाच सोडायच्या दिशेने ओढते आणि कधी कधी स्टड स्वतःच फिरून बाहेर येतो. सियागंजात दोन दुकानांत विचारलं. "भिया, उल्टी तो मंगानी पड़ेगी, आठ दिन।" आठ दिवस नव्हते. सरळ तीन मिलिमीटरची घेतली. हळू फिरवायची, तेल सोडत.

खाली वाकून, आरशात बघून भोक पाडताना पंच मध्यावरून घसरतो हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. भोक जवळपास एक मिलिमीटर बाजूला गेलं. त्यात तुटका स्टड काढायचा ईझी-आउट घातला. हा निमुळता, उलट्या पिळाचा, कडक पोलादाचा. घुसत जाईल तसा स्टडला बाहेरून भिंतीवर दाबतो. जो स्टड गंजाने आधीच भिंतीला चिकटलाय त्याला आणखी दाबायचं, ही कल्पना कुणाची होती कोण जाणे. आणि तो कडक असतो म्हणजे ठिसूळही असतो.

तो आत तुटला.

आता स्टडच्या आत स्टडपेक्षा कडक तुकडा. साध्या बिटीने त्याला ओरखडाही पडत नाही. भाची म्हणाली, "मामा, आपण एका बोल्टाची तीन कामं केली." काका खुर्चीत होते, पण काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

दूध आटवलं, ग्रहणाच्या आधीच पिऊन टाकलं.

रविवार, २९ ऑक्टोबर

सकाळी उस्तादांना आणलं, आणि त्यांच्या ओळखीचा वेल्डिंगवाला छोटं मशीन घेऊन आला.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या, नाहीतर अल्टरनेटर जायचा. मशीनची अर्थ तार हेडवरच, जोडाच्या अगदी जवळ लावली. टाकी आणि जोड यांमध्ये ओलं पोतं, शेजारी वाळूची बादली. लाल बाटली फाटकाबाहेर.

आधी उस्तादांनी ईझी-आउटचा बंदोबस्त केला. कडक पंच घेतला, कडेवर धरून छोटे-छोटे टोले. ठिसूळ पोलाद वाकत नाही, फुटतं. दहा मिनिटांत ते चार तुकड्यांत फुटलं आणि चुंबकाने बाहेर आलं. काल रात्री मला झोप लागली नव्हती ती याच तुकड्यासाठी.

मग वेल्डिंग. स्टडवर आधी वायसर ठेवला, भोकातून स्टडच्या तोंडावर वेल्डचा थेंब चढवला, त्यावर नट ठेवून नटाचं पोट भरलं. मला भीती होती की वेल्ड हेडलाच चिकटेल. तो वेल्डिंगवाला म्हणाला, बिडाला ही काडी नीट धरत नाही, सांडलं तरी खरवडून निघतं. आणि तसंच झालं. नव्या नटावर जस्ताचा मुलामा असतो, त्याचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर रात्री थंडी-ताप भरतो, म्हणून नट आधी घासून पांढरा थर काढला आणि पंखा लावला.

लाल नट काळा होईपर्यंत थांबलो. इथेच बहुतेक जण घाई करतात. वेल्डच्या उष्णतेने स्टड फुगून बिडाला ढकलतो आणि थंड होताना आकसतो. गंजाची पकड मोडते ती त्या आकसण्यात. उस्तादांनी नटाला मेणबत्ती टेकवली. मग पाना माझ्या हातात दिला.

आधी किंचित आवळला. काहीच नाही. सोडला. "कट्ट."

काका खुर्चीतून उठून आले.

सातवाही तसाच निघाला, तो मुळात बाहेर होता. पण आठव्याच्या भोकात आमच्या तिरक्या ड्रिलने एका बाजूचे आटे खाल्लेले. ८ मिलिमीटरला १.२५ चा आटा. आटे पाडायच्या तीन टॅपचा सेट, पहिला, दुसरा, तिसरा. दर अर्ध्या वळशाला पाव वळसा मागे, म्हणजे भुसा तुटून पडतो. टॅप फिरला, पण एका बाजूला पकडच नाही. "चलेगा," वेल्डिंगवाला म्हणाला. काका म्हणाले, "नाही चालणार. गरम झाला की हाच पहिला गळेल." भोक मोठं करून त्यात तारेचा स्प्रिंगसारखा इन्सर्ट बसवायचं ठरलं. किट उद्या.

रविवार, ५ नोव्हेंबर

इन्सर्ट मंगळवारी रात्रीच बसला होता, टॉर्चच्या उजेडात. नव्या स्टडांना जाम होऊ न देणारी तांब्याची अँटी-सीझ पेस्ट, वर तांब्याचा मुलामा असलेले नट. पेस्ट लावलेले आटे घसरतात, त्यामुळे तोच टॉर्क (पिळाचा जोर) लावला तर स्टड जास्त ताणला जातो. २५ ऐवजी २० वर थांबलो. मधल्या नटांपासून सुरुवात करून बाहेर गेलो, दोन फेऱ्यांत. चाकांच्या नटांना मात्र पेस्ट लावली नाही, ते कोरडे आणि साफच बरे.

गाडी सुरू केली. फट्‌फट् गेलं. बायको बाहेर येऊन म्हणाली, "बंद पडली का?"

ब्रेकचं डावं निपल: दोन प्रयत्नांत गोल झालं. ओढाताण केली नाही, पाना ठेवला, संपूर्ण व्हील सिलिंडर नवं घेतलं. ब्रेकच्या पाइपचा नट मात्र कापलेल्या तोंडाच्या रिंग पान्याने सोडला. साध्या फिक्स पान्याने तो नरम नट लगेच गोल होतो आणि मग पाइपही बदलावा लागतो. उजवं निपल सुरळीत सुटलं. नवं डीओटी ३ तेल भरलं, भाचीने पेडल दाबलं, मी हवा काढली. ब्रेक तेल रंगावर पडलं तर रंग उचलतं, म्हणून फाटक झाकून ठेवलं होतं. तरी एक थेंब फाटकावर पडलाच.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो, दुपारी नवा पाटा चढवला. दिवाळीपूर्वी संपवायचं होतं ते दिवाळीनंतर पाच दिवसांनी झालं. नवे यू-बोल्ट चारही नटांवर एकसारखे, कोनाकोनाने, थोडे-थोडे आवळले. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं केलं तर पाटा तिरका बसतो.

रविवार, १९ नोव्हेंबर

रिकामी गाडी घेऊन महूपर्यंत दोन फेऱ्या. काका शेजारी बसले होते, खिडकीची काच खाली करून कान बाहेर. घरी आल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासले. पाटा बसतो आणि नट ढिले होतात, म्हणून ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर हे करावंच लागतं. तीन नट जागेवर. चौथ्याने पाव वळसा घेतला.

आवळताना हात थांबला तेव्हा काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

ड्रायव्हर परवा येतोय. स्टेपनीच्या कॅरिअरचा बोल्ट अजून जाम आहे. डिझेल मारून ठेवलंय.